पत्र्यावरचे बदाम

त्या हिवाळ्यात आमच्या स्वयंपाकघराच्या पत्र्यावर रात्री काय पडत होतं, हे मला ठाऊक होतं. हे एवढं एक वाक्य मी आजवर कुणापुढे उच्चारलेलं नाही. आईपुढे नाही, दिगूदादापुढे नाही, आणि लग्नाला इतकी वर्षं होऊनही बायकोपुढे नाही. घरातले बाकीचे घाबरले होते ते न कळल्यामुळे. मला कळलेलं होतं, आणि मी गप्प बसलो.

आमचं घर मळ्यातलं. नाशिकहून ओझरकडे जाताना हायवे सोडून आत वळलं की झेंडूचे नि शेवंतीचे वाफे लागायचे, ते आमचे. पुढच्या दोन खोल्या स्लॅबच्या, दिगूदादा कारखान्यात लागल्यावर बांधलेल्या. मागचं स्वयंपाकघर मात्र जुनंच, पत्र्याचं. त्या पत्र्यावर एक रायवळ आंबा ओणवलेला होता. मोहोर यायचा, कैरी धरायची नाही. सावलीपुरता ठेवलाय, असं तात्या म्हणायचे. तात्या म्हणजे आमचे वडील. बोलणं मोजकं, कामाला वाघ. संध्याकाळी फुलांची तोड व्हायची, ओसरीत ढीग पडायचा, आणि जेवणं उरकली की सगळं घर त्या ढिगाभोवती सुई-दोरा घेऊन बसायचं. पहाटे तात्या मोपेडला करंड्या बांधून गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, फुलबाजारात जायचे. माझ्या लहानपणाला वास कसला असेल तर तो झेंडूचा, बोटांना चिकटलेला, कडवट. भाकरीच्या घासालाही तोच यायचा. आज नाशिकरोडच्या फ्लॅटमध्ये दसऱ्याला बायको बाजारातून तोरण आणते, तेव्हा मी ते तिलाच लावायला सांगतो. तिला वाटतं मी आळशी आहे.

वहिनी, म्हणजे दिगूदादाची बायको, आमच्या घरात आली ती सटाण्याकडच्या एका खेड्यातून. कल्पना तिचं नाव. बारावी झालेली, पुढे डी.एड. करायचं होतं, तेवढ्यात लग्न ठरलं. तिकडची माणसं ‘आहे’ला ‘शे’ म्हणतात. वहिनी आमच्यासारखंच बोलायची, पण घाईत, हसताना किंवा घाबरल्यावर तिच्या तोंडून ‘शे’ निसटायचं, आणि सगळे तिची टिंगल करायचे. ती कळण्याची भाकरी करायची, ज्वारी-उडदाची, काळसर, खमंग, वर लसणीचा ठेचा. आई म्हणायची, “घोड्याचा खुराक हाय हा. आमच्याकडं माणसं राहतेत.” वहिनी शांतपणे म्हणायची, “मग तुम्हाला नको वाढू का, आई?” आणि आई ताट पुढं सरकवायची. सुरुवातीला असं बरं चाललं होतं. दोन वर्षं झाली, पाळणा हलला नाही, तेव्हा त्याच भाकरीवरून आई पुन्हा बोलायला लागली, आणि या वेळी ताट पुढं सरकवेना.

मी तेव्हा बारावी नापास होऊन घरी बसलेला होतो. ऑक्टोबरातही विषय सुटले नव्हते. रोज संध्याकाळी लोडशेडिंग असायचं. दिगूदादाची बहुतेक सेकंड शिफ्ट, तो रात्री उशिरा यायचा. अंधार पडला की मी पुढच्या स्लॅबवर जाऊन बसायचो. मला वाघळं बघायचा नाद लागला होता. कसा लागला ते सांगता येत नाही. नापास मुलाला आभाळाकडे बघायला भरपूर वेळ असतो, एवढंच. आधी मोठी वाघळं यायची, गंगेकाठच्या झाडांवरून निघालेली. उंचावरून, एकामागे एक, घाई नसलेली, निफाडच्या बाजूला द्राक्षबागांकडे निघून जायची. ती आमच्यावर थांबायची नाहीत. ती गेली की थोड्या वेळानं लहान वाघळं यायची. ही खालून उडत, हातभर अंतरावरून, आणि ती मात्र आमच्या आंब्यात शिरायची. फळ न धरणाऱ्या झाडात त्यांना काय मिळतं, ते मला कळेना.

एका संध्याकाळी वहिनी वाळत घातलेले कपडे काढायला वर आली. खाली पत्र्यावर ठण्णकन काहीतरी पडलं आणि गडगडत पन्हाळीत गेलं. ती दचकली नाही. म्हणाली, “भाऊजी, टॉर्च आहे ना? लावा बघू.” मी झोत आंब्यात टाकला. पानांच्या गचपणात दोन डोळे पेटले, नारिंगी. कुत्र्याच्या पिलासारखं तोंड, आणि त्या तोंडात एक लाल बदाम. देशी बदाम, ज्याची पानं थंडीत लाल होऊन गळतात त्या झाडाचा. आमच्या मळ्यात ते झाड नव्हतंच. ते होतं शेतापलीकडच्या शाळेच्या आवारात. मग आम्ही दोघांनी बघत बसून ते कोडं सोडवलं. वाघूळ शाळेत जायचं, एक बदाम तोंडात धरायचं, पण तिथं बसून खायचं नाही. तिथं बाकीच्यांची झोंबाझोंबी. ते घेऊन निवांत जागी यायचं. ती निवांत जागा म्हणजे आमचा दाट आंबा. तिथं उलटं लटकून गर चावायचं, रस गिळायचं, चोथा थुंकायचं आणि आतली कठीण बी सोडून द्यायचं. बी पत्र्यावर. चोथा, विष्ठा आणि लाल थुंकी खालच्या दोरीवरच्या कपड्यांवर. ते झालं की पुन्हा शाळेत. रात्रभर फेऱ्या.

“यांची पण सेकंड शिफ्टच शे,” वहिनी म्हणाली आणि स्वतःच हसली. तेव्हापासून आमच्यात वाघळांना सेकंड शिफ्ट म्हणायचा रिवाज पडला. ती वर आली की विचारायची, “सुटली का शिफ्ट?” मी म्हणायचो, “एक आलंय डबा घेऊन.” सकाळी पन्हाळीतल्या बिया मी गोळा करून ठेवायचो. संध्याकाळी ती दगडानं फोडायची. एका बीतून बोटाच्या पेराएवढा पांढरा गर निघायचा. त्याचे ती दातांनी दोन तुकडे करायची, एक स्वतःच्या तोंडात, एक माझ्या हातावर. चव साध्या बदामासारखीच, जरा ओलसर. मी आज महागाचे बदाम खातो डॉक्टरनं सांगितलेत म्हणून, आणि प्रत्येक वेळी मला तो ओलसरपणा आठवतो.

आता जे लिहायचं ते लिहिलं पाहिजे. आमच्यात काही घडलं नाही. तिच्या मनात तर काहीच नव्हतं. तिला त्या घरात बोलायला माणूस नव्हतं आणि मी रिकामा होतो. पण मी दिवसभर त्या संध्याकाळची वाट बघायचो. जिन्यावर तिच्या बांगड्या वाजल्या की मी पुस्तक उघडून बसायचो, अंधारात. हे मला कळत होतं, आणि कुणाला कळेल याची भीती कायम होती. बाकीचं सगळं त्या भीतीतून आलं.

थंडी वाढली तसे तात्या आजारी पडले. ताप उतरेना. डॉक्टरच्या गोळ्या चालू होत्या. घटकाभर घाम यायचा, परत अंग तापायचं. तात्या बाजारात जाईनात, फुलं ओसरीतच मलूल व्हायला लागली. दिगूदादा शिफ्ट सांभाळून करंड्या न्यायचा आणि सगळ्यांवर चिडायचा. त्याच दिवसांत आईच्या फिक्या पातळावर लाल डाग पडले, तात्यांच्या धोतरावर पडले. ओट्यावर चोथ्याच्या चपट्या गोळ्या सापडल्या, आणि रात्री पत्र्यावर ठण्ण, गडगड. शेजारची गयामावशी एक दिवस तात्यांना बघायला आली, तिनं एक गोळी काडीनं उलटीपालटी केली आणि हळूच म्हणाली, “अगं, ही तर भानामती.”

भानामती. आमच्याकडे हा शब्द मोठ्यानं बोलत नाहीत. कुणीतरी घरावर करणी करतं, मग दगड पडतात, कपड्यांवर डाग उठतात, माणूस खंगतं. तो शब्द घरात आला आणि त्या रात्रीपासून पत्र्यावरचा आवाज बदलला. खरं सांगतो, तो मलाही वेगळा ऐकू यायला लागला. बी पडतेय हे माहीत असून मी पांघरूण डोक्यावरून घ्यायचो. ओसरीत माळा ओवताना वर ठण्ण झालं की सगळ्यांच्या सुया थांबायच्या. तात्या खाटेवरून विचारायचे, “कोण हाय रे?”

वहिनीनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. “आई, वाघळं आहेत ती. बदाम खातात.”

“बदाम?” आई म्हणाली. “दारात बदामाचं झाड हाय का? आंब्याला कवापासून बदाम लागले?”

“शाळेतून आणतात.”

“आन् आपल्याच घरावर टाकतेत. गावात दुसरं घर नाय त्यान्ला.”

गयामावशी हसली. मी फुलं निवडत होतो. मान वर केली नाही. वहिनीनं माझ्याकडे बघितलं असेल. मला दिसलं नाही, कारण मी बघितलं नाही. मग आई भगताकडे जाऊन आली. त्यानं सांगितलं म्हणे, बाहेरून आलेल्या पावलानं झालंय. आमच्या घरात बाहेरून आलेलं पाऊल एकच होतं. आई स्वतःही कधीकाळी बाहेरूनच आली होती, पण ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

वहिनीला वर यायला बंदी झाली नव्हती, पण ती यायची थांबली. एकदाच जिन्याच्या तळाशी भेटली, हातात पाण्याची घागर. म्हणाली, “तुम्ही सांगा ना भाऊजी. तुमचं ऐकतील. एकदा टॉर्च घेऊन वर न्या सगळ्यांना, संपलं.” मी म्हटलं, “सांगतो.” खरंच सांगणार होतो. कसं सांगायचं तेही ठरवलं होतं. पण ठरवताना प्रत्येक वेळी पुढचा प्रश्न ऐकू यायचा: तुला रे कसं माहीत? कोण होतं सोबत?

रविवार होता. दिगूदादाला सुटी. वहिनीचा भाऊ सटाण्याहून आलेला, आईनंच निरोप धाडून बोलावलेला. ओसरीत शेवंतीचा ढीग, आणि भोवती आम्ही सगळे: आई, दिगूदादा, वहिनी, गयामावशी, भिंतीला टेकून वहिनीचा भाऊ, आणि मी. खोलीत तात्यांचं कण्हणं. आईनं न ओरडता सांगितलं की काही दिवस बहिणीला घेऊन जा, इथलं निवळू दे. आईचं न ओरडणं फार वाईट असायचं. वहिनीच्या भावानं विचारलं, “पण झालंय काय? काय शे हे?” तर आईनं पदराच्या टोकात बांधून ठेवलेल्या दोन बिया नि एक गोळी सोडून जमिनीवर टाकली. हळद-कुंकू लागलेली. “ईचार तुझ्या बहिणीला.”

वहिनी उठली. “ते वाघूळ शे,” ती म्हणाली. “दुसरं काही नही.” त्या दिवशी ‘शे’ला कुणी हसलं नाही. तिनं ओसरीच्या कडेचा दगड उचलला, त्यातली एक बी फोडली, गर काढला, उभी राहून दातांनी त्याचे दोन तुकडे केले आणि सगळ्यांदेखत एक तोंडात टाकला. बघा, नुसता बदाम आहे, असं तिला म्हणायचं होतं.

“खाल्लं!” गयामावशी किंचाळली. “अगं बाई, करणीचं खाल्लं तिनं! पचतंय म्हणजे तिचंच हाय!”

आई मागे सरकली. दिगूदादाही सरकला. आणि वहिनी माझ्याकडे वळली. दुसरा तुकडा तिच्या तळहातावर होता. हात तिनं माझ्यापुढे धरला, रोज संध्याकाळी धरायची तसाच. “घ्या भाऊजी,” ती म्हणाली. “यांना विचारा. आम्ही दोघांनी बघितलंय गच्चीवरून. रोज खायचो आम्ही.”

“दोघांनी?” आईनं विचारलं. “रोज? कवा?”

दिगूदादाच्या हातातली सुई थांबली. तो वहिनीकडे नाही, माझ्याकडे बघत होता. मी दोन्ही हात मागे घेतले. हे मला फार स्पष्ट आठवतं, की हात आपोआप गेले नाहीत, मी ते नेले. आणि म्हणालो, “मी नाही काही बघितलं. मी वर अभ्यासाला जातो.”

लाइट नसताना अंधारात कसला अभ्यास, हे कुणीच विचारलं नाही. त्यांना तेवढंच पुरे होतं. मग वहिनीनं तो तुकडा पदराला बांधला, खाली बसली आणि आपली अर्धी राहिलेली माळ पुरी करून तिला गाठ मारली. तासाभरात ती भावाबरोबर हायवेला एसटी पकडायला निघून गेली. दिगूदादा फाटकापर्यंत गेला, पुढे गेला नाही. मी गच्चीवर होतो.

ती गेल्यावरही बिया पडत होत्या. गयामावशी म्हणाली, केलेलं उतरायला वेळ लागतो. मला माहीत होतं काय होणार ते, आणि तेच झालं. शाळेतल्या झाडाचे बदाम संपत आले, फेऱ्या विरळ झाल्या, आणि एका रात्री पत्रा अगदी गप्प राहिला. वाघळं दुसऱ्या कुठल्या फळावर गेली होती. त्याच सुमाराला डॉक्टरनं औषध बदललं आणि तात्या उठून बसले. आईनं पुरणपोळीचा नैवेद्य केला. म्हणाली, “बघितलं?” सगळ्यांनी बघितलं होतं. मी पुरणपोळी खाल्ली. दिगूदादा तिला आणायला गेलाच नाही. आधी आज, मग उद्या, मग सोडचिठ्ठीचे कागद. वर्ष सरायच्या आत दुसरी वहिनी घरात आली. चांगली आहे बिचारी. तिच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही.

पण मी अजून पुरतं सांगितलेलं नाही. पुढच्या हिवाळ्यात शाळेत पुन्हा बदाम धरणार, वाघळं पुन्हा येणार, आणि या वेळी घरात कल्पनावहिनी नसणार. मग सगळ्यांना कळेल. माझ्या मनात हे आलं तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. वेळ होती, तिला परत आणता आलं असतं, दादाचं दुसरं लग्न अजून ठरायचं होतं. पण मला आधी माझं खोटं उघडं पडताना दिसलं. मी तात्यांना म्हणालो, “आंबा काढून टाकू. फळ नाही धरत, मुळ्या घराच्या पायात शिरतायत.” तात्या झाडाकडे बघत म्हणाले, “सावली जाईल रे.” तरी मी लागोपाठ म्हणत राहिलो. वखारवाला येऊन झाड घेऊन गेला. बारावीत नापास झालेल्या पोराचं शहाणपण त्या घरात पहिल्यांदाच कुणी ऐकलं.

तरी वाघळं आली. थंडीतली संध्याकाळ, लाइट गेलेली, मी मागच्या अंगणात. लहान वाघळं हातभर अंतरावरून आली आणि जिथं आंबा होता तिथं, मोकळ्या हवेत, गोल गोल फिरायला लागली. तोंडात बदाम धरलेले. बसायला फांदी शोधत होती. आमचा आंबा गेला होता, त्यांचा मात्र अजून तिथंच उभा होता आणि ती त्याच्या भोवती फिरत होती. एकाचं ओझं सुटलं, पत्र्यावर ठण्ण वाजलं, गडगडलं. स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती, हातात रॉकेलची चिमणी. तिनं वर बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं. तिच्या चेहऱ्यावर चिमणीचा उजेड होता, त्यामुळे मला दिसलं की तिला कळतंय. मग ती आत गेली आणि भाकरी थापण्याचा आवाज यायला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या चहाच्या कपाशेजारी एक बदाम ठेवलेला होता, अर्धा चावलेला, दातांच्या खुणा असलेला. स्वच्छ धुतलेला. आई चुलीपाशी पाठमोरी बसली होती. म्हणाली, “चहा घे. निवतोय.” त्यानंतर ती पुष्कळ वर्षं जगली, आणि आम्ही त्याबद्दल एक शब्द बोललो नाही. तिच्या शेवटच्या आजारात मी उशाशी बसायचो. एकदा तिनं नुसतं विचारलं, “ती कुठं असती रे आता?” कोण, असं मी विचारलं नाही. म्हणालो, “माहीत नाही.” हेही खोटं होतं.

मला माहीत होतं. तिनं पुढे डी.एड. केलं, तिकडच्याच एका गावात शिक्षिका झाली. पुन्हा लग्न केलं नाही. एकदा कामाच्या निमित्तानं मी त्या फाट्यावर उतरलो. गाव आत चालत जाण्याएवढं जवळ. टपरीवर चहा घेतला. टपरीवाल्यानं विचारलं, “कोनाकडे जानं शे?” मी म्हणालो, कुणाकडे नाही, आणि नाशिककडे जाणाऱ्या पहिल्या गाडीत बसलो.

आमच्या सोसायटीत एक देशी बदाम आहे. पार्क केलेल्या गाड्यांवर डाग पडतात म्हणून तो काढायची दर थंडीत चर्चा होते. मी सही करत नाही, कारणही सांगत नाही. संध्याकाळी गॅलरीत उभा राहतो. बायको आतून विचारते, “रोज काय बघता एवढं?” मी म्हणतो, काही नाही.

तात्या गेले, आई गेली, गयामावशी गेली. त्या घरातले आता आम्ही तिघेच उरलो असू: दिगूदादा, ती आणि मी. दिगूदादाला तिच्या दारात नेऊन, त्याच्यासमोर मला तिला सांगायचं आहे की हो, मी बघितलं होतं, आणि आंबाही मीच तोडायला लावला. ते तिचं माझ्याकडे राहिलेलं आहे. ते मी अजून दिलेलं नाही.